रस्ता करायला घेतला आणि ३२५ माणसं निघाली: सेंट हेलेनाचं प्रकरण

गुलामगिरीचं पुरातत्त्व म्हटलं की डोळ्यासमोर उसाचे मळे येतात, साखरेच्या कढया, मालकाचा वाडा आणि मागे मजुरांच्या झोपड्या. हे प्रकरण मळ्याचं नाहीये. मळ्याकडे जाणाऱ्या वाटेवर मधेच अडकलेल्या, आणि कागदोपत्री "मुक्त" झालेल्या माणसांचं आहे, म्हणून तर ते जास्त अवघड आहे. घटना खरी, ठिकाण खरं, आकडे खरे. फक्त त्यात काम केलेल्या हयात माणसांची नावं मुद्दाम घेतलेली नाहीत, कारण मुद्दा कोण चुकलं हा नाहीच, कुठल्या वळणावर काय ठरलं (आणि काय ठरवायचं राहून गेलं) हा आहे.

पार्श्वभूमी

सेंट हेलेना म्हणजे आपल्यासाठी नेपोलियन. १८१५ मध्ये आणून ठेवला, १८२१ मध्ये वारला, इतिहासाच्या पुस्तकात एवढी दीड ओळ. बेट दक्षिण अटलांटिकमध्ये, साधारण १२२ चौरस किलोमीटरचं, वस्ती साडेचार हजारांच्या आसपास, आणि अंगोलाचा किनारा १९०० किलोमीटर लांब, मधे नुसतं पाणी. बेट ईस्ट इंडिया कंपनीचं होतं, म्हणजे सुरत-मुंबईच्या वखारींवाली तीच कंपनी, आणि इकडून माल भरून लंडनला निघालेली तिची जहाजं पाणी आणि भाजीपाला घ्यायला तिथे थांबायची. कंपनीने तिथे गुलाम ठेवलेच होते. १७९२ मध्ये नवीन गुलाम आणायला बंदी झाली, १८१८ नंतर जन्मलेली मुलं मुक्त ठरली, आणि १८३२ पासून उरलेल्यांची सुटका पैसे मोजून सुरू झाली. म्हणजे बेटाने स्वतःची गुलामगिरी नुकती कुठे आवरली होती, तेवढ्यात दुसऱ्यांची येऊन धडकली.

झालं असं की ब्रिटनने गुलामांचा व्यापार १८०७ मध्येच बंद केला होता पण पोर्तुगीज आणि ब्राझीलची जहाजं आफ्रिकेतून माणसं भरून नेतच होती, मग १८३९ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटने पोर्तुगीज जहाजंसुद्धा पकडायचा कायदा केला आणि १८४० मध्ये सेंट हेलेनावर त्यासाठी नौदलाचं कोर्ट बसवलं. पद्धत अशी: नौदलाने जहाज पकडायचं, बेटावर ओढून आणायचं, कोर्टाने ते दोषी ठरवायचं, मग जहाज तोडून त्याचं लाकूड, दोर, पिंपं सगळं लिलावात विकायचं. पकडणाऱ्या खलाशांना सोडवलेल्या माणसामागे बक्षीस. हो, इथेही माणशी भाव होताच, फक्त देणारा बदलला.

माणसांचं काय करायचं? बेटाची राजधानी जेम्सटाऊन, तिच्या शेजारची रूपर्ट्स व्हॅली ही दरी त्यांच्यासाठी दिली. कोरडी, उघडी, वाऱ्याची, पिण्याच्या पाण्याची बोंब. तंबू ठोकले, हॉस्पिटल म्हणून काहीतरी उभं केलं. पुढच्या तीसेक वर्षांत सुमारे २७ हजार आफ्रिकन माणसं इथे उतरवली गेली आणि त्यातली आठ हजारांच्या आसपास मेली. दहात तीन. १८६१ मध्ये अशा एका जहाजावर चढलेल्या मेलिस नावाच्या इंजिनिअरने लिहून ठेवलंय की मेलेल्या आणि मरायला टेकलेल्या माणसांवर पाय पडू नये म्हणून डेकवर जागा शोधत चालावं लागत होतं. जी जगली त्यातल्या बहुतेकांना करार करून जमैका, त्रिनिदाद, ब्रिटिश गयाना इकडे पाठवलं, काहींना दक्षिण आफ्रिकेतल्या केपला. तिथे काय होतं? उसाचे मळेच. १८३८ मध्ये तिथले गुलाम पूर्ण मोकळे झाले होते, मळेवाले मजूर नाहीत म्हणून गळे काढत होते, आणि त्याच वर्षी आपल्याकडच्या गिरमिटियांची (करारावर नेलेल्या मजुरांची) पहिली जहाजं गयानाला पोचली होती. तर आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हे. सोडवलं खरं, पण जिथे विकले गेले असते तसल्याच मळ्यावर करारपत्राने नेऊन ठेवलं.

जाता जाता: हे सगळं आपल्यापासून फार लांबचं आहे असं वाटत असेल तर नाशिकचा शरणपूर रोड आठवा. अरबी समुद्रात ब्रिटिश नौदलाने पकडलेल्या जहाजांवरची आफ्रिकन मुलं मुंबईला उतरवली जायची आणि त्यातली कितीतरी शरणपूरच्या मिशनमध्ये वाढली, शिकली. १८७४ मध्ये आफ्रिकेत फिरलेला मिशनरी-संशोधक लिव्हिंगस्टन याचं शव घेऊन लंडनला गेलेला जेकब वेनराइट तिथलाच विद्यार्थी. आजच्या केनियातल्या मोंबासाजवळ फ्रिअर टाउन वसवलं तेव्हा तिथे जाऊन राहणाऱ्यांत नाशिकहून गेलेले बरेच होते, आणि गावाला नाव कुणाचं, तर मुंबईचा माजी गव्हर्नर बार्टल फ्रिअरचं. असो, मूळ मुद्द्यावर येऊ.

नेमकी अडचण

सेंट हेलेनाला विमान जात नव्हतं. केपटाऊनहून एक जहाज, पाचेक दिवसांचा प्रवास, बस्स. पोरं नोकरीसाठी बाहेर पडायची ती पडायचीच, गंभीर आजारी माणसाला हलवायचं तर जहाजाची वाट बघायची. त्यामुळे २००५ मध्ये ब्रिटनने एअरपोर्ट बांधायचं जाहीर केलं तेव्हा बेटावर आनंद झाला असणार यात नवल नाही, आणि हे विसरून या प्रकरणाकडे बघितलं तर फारच सोपं होतं, एकीकडे दुष्ट बुलडोझर आणि दुसरीकडे पवित्र हाडं. तसं नव्हतं ते.

एअरपोर्ट बेटाच्या पूर्वेकडच्या पठारावर. अवजड सामान समुद्रातून उतरवायचं तर सोयीची जागा रूपर्ट्सचा उपसागर. तिथून पठारापर्यंत साधारण १४ किलोमीटरचा नवीन रस्ता, आणि तो निघणार दरीच्या तोंडातून. दरी अरुंद, दोन्ही बाजूंना उभे कातळ. दरीत माणसं पुरलीत हे माहीत नव्हतं असंही नाही. जुनी कागदपत्रं होती, शिवाय आधीच्या बांधकामांतही हाडं वर आली होती. फक्त नेमकी कुठे, किती, किती खोल, हे कुणाला सांगता येत नव्हतं, कारण कबरींवर दगड नाही की खूण नाही.

समोरचे पर्याय

थोडक्यात चार वाटा दिसतात. एक, रस्ता वळवायचा. अरुंद दरीत वळवून वळवणार किती, आणि कबरींची हद्दच माहीत नसेल तर नवीन रेघ कबरींवरून जात नाहीये याची खात्री कोण देणार? दोन, हाडं आहेत तिथे ठेवून वर भराव घालून रस्ता करायचा. पुरातत्त्वात याला मान आहे, न खणणं हेही संरक्षणच असतं. पण ही पुरणं उथळ होती, वर अवजड ट्रक, आणि खरं सांगायचं तर "भराव घालून जतन" आणि "दाबून टाकणं" यातला फरक वरून चालणाऱ्याला दिसत नाही. तीन, रस्त्याच्या पट्ट्यातली माणसं नीट, शास्त्रशुद्ध रीतीने बाहेर काढायची, नोंद करायची, आणि परत पुरायची. चार, बाहेर काढून कायमची अभ्यासासाठी ठेवून द्यायची.

तिसरी वाट निवडली गेली. मला विचाराल तर त्या परिस्थितीत तीच रास्त होती. पण एक गोष्ट बघा. या वाटेचे दोन तुकडे आहेत, काढणं आणि परत ठेवणं. काढण्याचं बजेट होतं, टीम होती, वेळापत्रक होतं, कारण त्याच्या मागे रस्ता खोळंबला होता. परत ठेवण्याच्या मागे काहीच खोळंबलं नव्हतं. सगळं प्रकरण इथेच फिरलं.

काय केलं

२००७-०८ मध्ये ब्रिटनहून आलेल्या पुरातत्त्वज्ञांनी रस्त्याचा पट्टा खणला. ३२५ जणांचे अवशेष निघाले. कुठे एकटं पुरलेलं, कुठे एका खड्ड्यात दोन-तीन, कुठे बरेच जण एकत्र. शवपेटीत किती? पाच. एक किशोरवयीन, आणि चार मृतजन्म झालेली किंवा नुकती जन्मलेली बाळं. बाकी ३२० जणांना फळी नाही.

मला या पाच पेट्यांवरून पुढे सरकायला वेळ लागला. रोज प्रेतं येतायत, खड्डे खणून खणून हात गळालेत, लाकूड मिळायची मारामार, आणि तरी कुणीतरी एका तान्ह्या बाळासाठी फळ्या ठोकल्यात. कुणी, ते कळायला मार्ग नाही. हॉस्पिटलचा माणूस असेल, सोबत आलेलं कुणी असेल. कागदपत्रांत हा माणूस नाही, मातीत आहे. पुरातत्त्व कशाला लागतं असं कुणी विचारलं तर मी हे उदाहरण देतो.

वयं बघितली तर ८३ टक्के मुलं, किशोर किंवा तरुण. व्यापाऱ्याला काम करून घ्यायला कोवळी माणसंच हवी असतात, मेलेल्यांच्या हाडांतून खरेदीदाराची आवड कळते. मृत्यूचं कारण मात्र हाडांत सहसा सापडलं नाही, कारण हगवण, देवी असले रोग इतक्या झटकन मारतात की हाडावर खूण उमटायला सवडच मिळत नाही. स्कर्व्हीच्या खुणा होत्या, म्हणजे जहाजावर ताजं अन्न नाही. मोठ्या मुलांपैकी दोघांना गोळी लागलेली दिसते. काहींचे पुढचे दात मुद्दाम तासून आकार दिलेले, म्हणजे गावाकडे असताना झालेला संस्कार, जसं आपल्याकडे कान टोचतात किंवा गोंदवतात तसं आपल्या माणसांत असल्याचं चिन्ह. आणि मणी. हातात धातूची कडी. जहाजावर चढवताना या लोकांचं होतं नव्हतं ते काढून घ्यायचे, तरी काहींच्या अंगावर मणी राहिले. कसे राखले कोण जाणे. थोड्या जणांबरोबर धातूचे बिल्लेही निघाले, ओळखीसाठी, नावाचे किंवा नंबराचे. एकाच दरीत मणी आणि बिल्ला, दोन्ही ओळखीच्याच खुणा, एक स्वतःची आणि एक दुसऱ्याने लावलेली.

तांत्रिक बाजूने काम चोख झालं, यात वाद नाही. तोपर्यंतचं बहुतेक संशोधन मळ्यावर पोचलेल्यांचं होतं, बार्बाडोसमधल्या न्यूटन मळ्याची दफनभूमी हे त्यातलं गाजलेलं उदाहरण. इथे पहिल्यांदाच आफ्रिका ते अमेरिका या मधल्या समुद्रप्रवासातून नुकत्याच उतरलेल्या माणसांचा एवढा मोठा गट एकत्र समोर आला. नवीन देशात रुळलेले नाहीत, नवीन भाषा नाही, नवीन देव नाही. जहाजावरून थेट खड्ड्यात.

मग चौदा वर्षं

आता गंमत बघा, म्हणजे गंमत कसली. उत्खनन उरकलं आणि डिसेंबर २००८ मध्ये, जगभर मंदी आलेली असताना, लंडनने एअरपोर्टचं कामच थांबवलं. ज्या घाईसाठी ३२५ जणांना उठवलं ती घाईच संपली. प्रोजेक्ट परत सुरू व्हायला २०१० उजाडलं, कॉन्ट्रॅक्ट व्हायला २०११. अवशेष तोवर जेम्सटाऊनमधल्या एका गोदामात, बॉक्समध्ये. त्या इमारतीचं नावच पाइप स्टोअर, नळ ठेवायची जागा.

हा पहिला मोठा निर्णयबिंदू होता आणि तो निर्णय म्हणून कुणाच्या लक्षातच आला नसावा असं वाटतं. रस्ता थांबला होता, माणसं बाहेर होती, अभ्यासकांनी मोजमापं घेतलेली होती. तेव्हाच परत पुरता आलं असतं. पण जागा कुठली, स्मारक कसलं, विधी कुठल्या धर्माचा (ही माणसं ख्रिश्चन होती असं मानायला आधार काय?), पैसे कुणाचे, असे प्रश्न एकमेकांत अडकत गेले आणि घोंगडं भिजत पडलं. बॉक्समधल्यांचं भाडं नव्हतं, नातेवाईक दारात येऊन बसत नव्हते.

नातेवाईक नसणं हा खरा पेच. न्यूयॉर्कमध्ये १९९१ मध्ये सरकारी इमारत बांधताना आफ्रिकन लोकांची दफनभूमी निघाली, ४१९ जणांचे अवशेष, तेव्हा तिथला काळा समाज रस्त्यावर उतरला, संशोधन कुणी करायचं हेसुद्धा त्यांनी भांडून ठरवलं, आणि तरी परत दफन व्हायला २००३ उजाडलं. सेंट हेलेनावर ही आमची माणसं असं म्हणणारा समाज तयार नव्हता. बेटावरच्या लोकांत युरोपियन, आफ्रिकन, मालागासी (मादागास्करचे), चिनी, भारतीय असं सगळ्यांचं रक्त मिसळलेलं, पण इथे मेलेल्यांना वंशज कुठून असणार, मेले म्हणून तर वंश थांबला. जे जगले त्यांचे वंशज आज जमैका-त्रिनिदादला, आणि त्यांच्यातल्या किती जणांना आपली पणजी या बेटावर उतरली होती हे ठाऊक असेल?

तेव्हा मृतांच्या बाजूने बोलायला कुणीतरी बाहेरचंच लागलं. एअरपोर्टच्या कामावर आलेल्या एका पर्यावरण अधिकारी बाईंनी हे लावून धरलं, न्यूयॉर्कच्या प्रकरणात काम केलेल्या एका तज्ज्ञ बाई येऊन मिळाल्या, बेटावरच्या काही लोकांनी साथ दिली, समिती झाली. त्यांचा एक मुद्दा कुणालाही पटेल असा होता. नेपोलियनची कबर बेटावर आहे, फ्रान्सच्या मालकीची, कुंपण, हिरवळ, निगा एकदम टापटीप. आणि ती रिकामी आहे. शव १८४० मध्येच वाजतगाजत पॅरिसला नेलं. १८४०, म्हणजे पकडलेल्या जहाजांवरची पहिली माणसं बेटावर उतरायला लागली तेच वर्ष. रिकाम्या कबरीला माळी होता आणि ३२५ माणसांना कबर नव्हती.

या काळात परत तीन वाटा चर्चेत आल्या. आफ्रिकेत पाठवायचं, पण कुठे, कुठल्या गावाला, कुठल्या देशाला? संशोधनासाठी ठेवून द्यायचं, म्हणजे प्रश्न नीट विचारला की डीएनएवरून गाव कळेल अशी आशा. किंवा याच दरीत परत. तिसरीच वाट धरली, आणि त्याआधी काही जणांच्या दातांचे नमुने घेऊन ठेवलेले होतेच.

शेवटी काय झालं

एअरपोर्ट २०१६ मध्ये तयार झाला पण वाऱ्याच्या झोतांमुळे नियमित विमानं सुरू व्हायला ऑक्टोबर २०१७ लागला. खर्च सुमारे २८.५ कोटी पौंड. माणसं परत मातीत गेली ऑगस्ट २०२२ मध्ये, रूपर्ट्स व्हॅलीतच. म्हणजे रस्ता आधी, विमान त्यानंतर, आणि ज्यांना हलवून रस्ता केला ते सगळ्यात शेवटी.

२०२३ मध्ये २० जणांच्या डीएनएचा अभ्यास प्रसिद्ध झाला. १७ पुरुष, ३ स्त्रिया. त्यांचं नातं आजच्या उत्तर अंगोला, गॅबॉन या पट्ट्यातल्या लोकांशी सगळ्यात जवळचं निघालं. पट्टा कळला, गाव नाही. त्यामुळे "गाव कळेपर्यंत थांबू" हे धोरण कुणी धरलं असतं तर आजही बॉक्स गोदामातच असते.

वेगळं काय करता आलं असतं

पहिलं आणि सगळ्यात मोठं, परत दफनाची तारीख आणि पैसे रस्त्याच्या कामातच बांधून घ्यायला हवे होते. म्हणजे पट्टा मोकळा झाला म्हणून ठेकेदाराला दाखला हवा असेल तर दफनाची जागा ठरलेली दाखवा, एवढी साधी अट. कुठल्याही सरकारी कामात शेवटचा हप्ता अडवून ठेवतात ना, तसंच. ही युक्ती काही जगावेगळी नाही, आपल्याकडच्या कुठल्याही सोसायटीच्या सेक्रेटरीला माहीत असते. तोंडी ग्वाही आणि अहवालातलं "यथावकाश" यावर सोडलं की काय होतं ते दिसलंच.

दुसरं, स्मारक आणि दफन या दोन गोष्टी वेगळ्या ठेवता आल्या असत्या. स्मारकाला वाद होणारच, डिझाइन, भाषा, कुणाची नावं, ते वीस वर्षं चालू दे. दफनाला एवढं लागत नाही. आधी साधं दफन, खूण म्हणून दगड, मग सावकाश स्मारक. इथे उलट झालं, चांगल्या स्मारकाच्या वाटेत साधं दफन अडलं. अर्थात याला दुसरी बाजू आहे. २००९ मध्ये घाईघाईत उरकलं असतं तर चार अधिकारी, एक पाद्री आणि विषय संपला असता, बेटावर जी चर्चा नंतर झाली ती झालीच नसती, आणि डीएनएचे नमुने घ्यायचं भानही राहिलं असतं का शंका आहे. त्यामुळे चौदा वर्षं पूर्ण वाया गेली असं मला म्हणवत नाही. पण चार वर्षांत होण्यासारखं होतं.

तिसरं म्हणजे वंशज शोधायचं काम. बेटावरच्या लोकांना विचारलं हे ठीक, पण कराराने पाठवलेल्यांची जहाजं कुठे कुठे गेली याच्या नोंदी आहेत. कॅरिबियनमधल्या आणि अंगोलातल्या लोकांना २००७ मध्येच कळवलं असतं तर "यांचं कोणी नाही" हे वाक्य इतकी वर्षं चाललं नसतं. मॉरिशससारख्या बेटावर, जिथे मळ्यावरचे गुलाम आणि नंतर आलेले आपले मराठी-बिहारी-तमिळ गिरमिटिये दोघांचेही वंशज शेजारी शेजारी राहतात, तिथे उत्खननाला कुणीतरी आपलं म्हणणारं असतं. सेंट हेलेनावर ते माणूस बोलावून आणावं लागणार होतं.

आणि एक राहिलंच. ३२५ म्हणजे आठ हजारांतले किती? चार टक्के. बाकीचे बहुतेक दरीतच आहेत, पॉवर स्टेशन, तेलाच्या टाक्या, धक्का, घरं आणि तो नवीन रस्ता यांच्या आजूबाजूला आणि कुठे कुठे खालीही. बंदराचं काम वाढलं की दरीत परत खणावं लागणार. तेव्हा पहिला खड्डा मारायच्या आधी कोणाच्या टेबलावर कुठला कागद असेल, त्यावर दफनाची तारीख असेल का, हे बघायचं.